केळझर करून ये

— कोण, श्रावण मिस्त्री? आता विचारतं तू? गाडी माह्या जॅकवर, कमानी गाडीले टांगते तो तुटका हँगर माह्या हातात, कमानीचा नवा मेन पाटा चढवून झाला, अन् तू मलेच विचारून राह्यला का श्रावणचं दुकान कुठी हाय म्हणून! बंद हाय बाप्पा ते. कधीचंच बंद हाय. — नाई, म्हणजे तसं चालू हाय, पण तिथं गाड्याच गाड्या उभ्या असतेत, तुहा नंबर लागता लागता सांज झाली असती. म्हणूनच त इकडं आला ना तू? खोटं नको बोलू गुलाब, डायवरचं तोंड मले वाचता येते. तिकडं लाईन असते हे आयकलं असन, म्हणून आला. सारेच तसेच येतेत — बंडू मिस्त्री म्हणजे श्रावणचं उरलंसुरलं. बस त्या टायरवर. चहा? चहा नाई भेटत इथं. चहा तिकडं भेटते.

आता तुले एक विचारतो. 'केळझर करून ये' हे कोणी काढलं, माहीत हाय? नानाजीनं. आमचे उस्ताद — माहे बी अन् श्रावणचे बी. कमानी बसवली, हँगर लावला, का ते डायवरले म्हणत, आता भरली गाडी केळझरपरेंत ने, गणपतीले हात जोड अन् वापस येजो, मंग भारावर नट कसून देतो. रिकाम्या गाडीवर कसला त तो काय नट हाय? भार पडला का पाटे दबतेत अन् नट ढिला होते. तवापासून या नागपूर रोडवर त्या कसण्यालेच केळझर म्हणतेत — गाडी अल्लीपूरले जाओ का हिंगणीले, 'केळझर केलं का रे?' आता तूच सांग, केळझरकडून येताना पयले कोणाचं दुकान लागते? माहं? वळणावर तो बसला ना! म्हणजे घन मी मारू, पाटे मी उचलू, कंबर माही मोडे, अन् शेवटचा पाना फिरवे श्रावण. तोही फुकट! वरून कट चहा. आयजीच्या जिवावर बायजी उदार! अन् नाव कोणाचं? श्रावणनं गाडी कशी मस्त करून देल्ली, म्हणे.

जळतो का मी? हो, जळतो ना. कायले लपवू? त्यानं मोबाइल घेतला तवा जळलो, पाटीवर लाल अक्षरं काढली तवा जळलो. घरी मंदा, म्हणजे माही बायको, भाकर वाढता वाढता म्हणते — 'श्रावणभाऊजी कसे हसून बोलतेत गिऱ्हाइकाशी, तुमी त खायले उठता.' ताट सारून उठतो मी. पण ते सोड. ते मी सहन केलं. नानाजी — ते नाई सहन होत. डोळ्यानं दिसत नाई आता, तरी रोज काठी टेकत जातेत अन् तिकडंच खाटेवर बसतेत. माह्या दुकानावरूनच जातेत, बरं का! 'बंडू, हाय का?' म्हणतेत, मी 'हाय' म्हणतो, अन् ते पुढं. अबे, कधी बसा ना इथं! खाट मी बी घेतली. ते पाहाय, कोपऱ्यात, नवी नवार हाय. कोणी टेकत नाई तिच्यावर.

माही गाडी तिथं गेली का नानाजी हात लावून पाहतेत हँगरले. डायवर सांगतेत मले. मी विचारतो ना — काय म्हणाले? काही बोलले का? मान हलवली? कशी हलवली? लोक हासतेत. एक डायवर म्हणे, 'बंडूचं काम दिसते' म्हणाले. चांगलं म्हणाले का वाईट, ते त्या बह्याडाले सांगताच आलं नाई!

मंग मी ठरवलं — केळझरच बंद. कोणाले वापस या म्हणतच नाई. हे पाहाय, नवा हँगर बसवला, पान्याले पाइप लावला, लटकून कसला तुहा नट. श्रावणचा बाप आला तरी हलणार नाई. हँगर आता हलत नाई म्हणतं? हो... हँगर हलला पाह्यजे, हे मलेही मालूम हाय, मले काय शिकवतं? पाटा दबला का हँगरनं झुलाव, नाई झुलला त भार पाट्याच्या डोळ्यावर, त्या टोकाच्या कड्यावर येते, अन् डोळा तुटते. पण तुटतेच असं नाई ना. हळू चालवजो. सेलूले कापसाच्या गाठी भर अन् तसाच हिंगणघाटले निंघ. वळणावर थांबूच नको. श्रावणनं हात केला तरी थांबू नको, समजलं?

— काय म्हणतं? कोण बसणार हाय सेलूवरून?

सपना कोण? बायको? माहेरी चालली हिंगणघाटले? पोरगी बी? कॅबिनमध्येच?

मंग पयले नाई का सांगाचं बे! इतका वेळ तोंड शिवून बसला! सरक. सरक म्हणतो ना, आण तो पाइप इकडं. हात नको लावू तू, माहा नट हाय, मीच ढिला करन. ...हं. आता हललं. पाहाय, झुलते. पण हे असं लांब नाई चालत, भार पडला का लगेच कसाव लागते. माह्यापरेंत नको येऊ, वळणावरच थांब. हो, तिथंच. श्रावणले म्हणजो, भारावर कसून दे. नानाजीले हात लावू दे हँगरले. विचारलं कोणी बसवलं त सांगजो — नाई, राहू दे, नको सांगू. त्यायले समजते.

वापस येऊन मले सांगाची गरज नाई, काय म्हणाले ते. निंघ आता. पाहून काय राह्यला? निंघ!