चंपी ऊर्फ स्नोई हिच्या ताब्याबाबत

मी, मालनबाई किशनराव खिल्लारे, वय ५३ वर्षे, धंदा नोकरी (सरकारी दवाखान्यात आया), मूळची नांदेड जिल्ह्यातील, हल्ली राहणार विद्यानगर, हैदराबाद, आज दिनांक १७ नोव्हेंबर १९९६ रोजी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते ते असे. मला तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही, म्हणून जमादार एकनाथराव यांनी जबाब मराठीत घेतला आहे.

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पती वारले आहेत. मुलगा प्रबुद्ध मार्चमध्ये बंगलोरला कंप्युटरच्या नोकरीवर गेला. त्यानंतरही काही दिवस मी दोन माणसांचा भात लावीत होते. तो उरत असे.

दिनांक ९ जून रोजी मी नल्लकुंटा येथे कुसुमताईंच्या घरी गेले. त्या व त्यांच्या ओळखीची माणसे रस्त्यावरची जखमी जनावरे आणून बरी करतात आणि पाळणाऱ्याला मोफत देतात. मला मांजर हवे होते. अंगणात एक कुत्री बसली होती. तिला खरूज होती, अंगावर केस नव्हता, कातडी भाजलेल्या वांग्यासारखी होती. ती बेगम बाजारात हमालांना सापडली, असे ताईंनी सांगितले. मी खाली बसले तशी ती आली व माझ्या पिशवीवर हनुवटी ठेवून झोपली.

ताई म्हणाल्या, "मालनबाई, मांजरं आत आहेत."

मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ही उठली की बघते."

ती दीड तास उठली नाही. मी तिलाच रिक्षात घालून घरी आणले.

जनावरांच्या डॉक्टरचे औषध चालू ठेवले. रोज ड्युटीवरून आल्यावर करंजाचे तेल चोळीत असे, त्यावरून चंपी नाव पडले. ऑगस्टमध्ये पाठीवर पांढरी लव आली. ऑक्टोबरात ती कापसासारखी फुलली. शेजारीण रेणुका म्हणाली, "मौसी, ये तो टीव्ही के अ‍ॅडवाली कुत्ती निकली!" मलाही त्या दिवशीच कळले.

काल सकाळी आम्ही फिरत असता सुरेश पाटणकर, मूळ पुण्याचे, कंपनीत साहेब, यांनी गाडी थांबवली. म्हणाले, "ही आमची स्नोई. कुठून चोरलीत?" त्यांनी तक्रार दिल्याने आज मला, कुसुमताईंना व कुत्रीला बोलावण्यात आले. पाटणकर यांनी जातीचे कागद व फोटो दाखवला. कानावरचा काळा ठिपका जुळला.

जमादार म्हणाले, "बाई, कागद त्यांच्याकडं हायेत. द्यावी लागंल."

चंपी माझ्या पायावर बसली होती. मी पिशवीतून तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली व पाटणकर साहेबांना कानामागे किती लावायचे ते सांगू लागले.

तेव्हा कुसुमताईंनी आपली वही उघडली व त्यात चिकटवलेला एक फोटो पाटणकर यांच्यापुढे धरला. विचारले, "ही ओळखता का?"

ते म्हणाले, "छे! हे कसलं खरजुलं कुत्रं? हे आमचं नाही."

"नक्की?"

"अहो, शंभर टक्के. असलं कुत्रं आम्ही दारात उभं करणार नाही."

जमादारांनी ते लिहून घेतले. मग ताई म्हणाल्या, "ही तीच आहे. नऊ जूनला काढलाय फोटो."

पाटणकर साहेबांनी वही जवळ ओढून फोटो पुन्हा पाहिला. नंतर हळू म्हणाले, "औषधानं जाईना. घरी पाहुणे यायचे. मीच ड्रायव्हरला सांगितलं, लांब सोडून ये म्हणून." त्यांनी तक्रार मागे घेतल्याचे लिहून दिले. जाताना मला विचारले, "पावाची कड अजून खाते का?"

मी म्हणाले, "हौ. चहात बुडवून." ते हसले. मी म्हणाले, "हात लावा की." त्यांनी लावला. चंपीने शेपूट हलवली. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

एकनाथरावांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. फक्त पहिल्या पानावर कुत्रीपुढे 'बेवारस' असे पडले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. अंगठा नको म्हणून मी सही केली आहे.

मालनबाई कि. खिल्लारे