डाव्या पिळाची शिडी

क्रिस्टीना: हा पीळ उलटा आहे, आई.

राहेल: उलटा कसा असंल? तूच वरचं टोक खाली धरलंयस.

क्रिस्टीना: वर-खाली करून काही होत नाही. हे बघ, कसंही धरलं तरी शिडी डावीकडं वळत चढते. खरा डीएनए उजवीकडं वळत चढतो.

राहेल: मग माझी डावीकडंच चढणार की. मी डावरी. बोर्डिंगातल्या बाईंनी पट्टी मारून मारून लिहायला, जेवायला उजवा हात लावला. क्रोशाच्या सुईला तेवढा लावता आला न्हाई त्यांना. एकेका साखळीत तीन-तीन खांबाचे टाके घालत गेलं की लोकर आपसूक पिळते. माझ्या हातानं ती अशीच पिळते.

क्रिस्टीना: पण पुस्तकातल्या चित्रात तशी नाही ना.

राहेल: पायऱ्या तर बरोबर हायेत? लाल हिरव्याशी, निळा पिवळ्याशी. तू सांगितल्यास तशाच सोयरिकी जुळवल्यात. एखादी पळून गेली असंल तर सांग.

क्रिस्टीना: पायऱ्या बरोबर आहेत. पीळच चुकलाय. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे, दुसऱ्या शाळांचे सर येतील. विज्ञानाच्या बाईंनीच उलटा डीएनए टांगला म्हणून हसतील.

राहेल: आरशापुढं टांग. आरशात सरळ दिसंल.

क्रिस्टीना: मस्करी नको गं. राहू दे. मुलांकडून थर्माकोलचा करून घेईन.

राहेल: दिवाळीपासून बसलेय मी याच्यावर. चर्चमधल्या टेबलाचं नाताळचं कापड बाजूला ठिवलं.

क्रिस्टीना: एवढं मोठं कर म्हणून मी कुठं सांगितलं होतं?

राहेल: न्हाई सांगितलंस. बरं. उसवीन. लोकर काय वाया जात न्हाई. हात तेवढा भरून आलाय आज, हा डावा. सकाळधरनं खांद्यापासून ओढ लागलीय.

क्रिस्टीना: दिवसभर सुई चालवल्यावर दुसरं काय होणार? बाम लाव.

राहेल: लावते. पप्पांना बोलू नको. चल दवाखान्यात, चल दवाखान्यात, म्हणून डोकं खातील.

क्रिस्टीना: नाही बोलत. माझी पर्स कुठं ठेवलीस?

बन्यामीन: टीना! न्हावऱ्यावरनं दौंडला जाणारी गाडी लागली डेपोत. घरी पोचस्तोवर अंधार पडंल. जुना कंडक्टर दारात उभा राहून सांगतोय, घंटी मारायच्या आत निघ.

राहेल: आले बघ साहेब. रिटायर झाले तरी घंटी सुटंना. जा तू. पोचलीस की फोन कर.

(दुसऱ्या दिवशी दुपारी राहेलबाई गेल्या. आता महिना होऊन गेला आहे. शिरूरचं तेच घर, बाप आणि लेक.)

बन्यामीन: ही तिची विणायची पिशवी. तू ने. माझ्यानं बघवत न्हाई.

क्रिस्टीना: शिडी उसवली नाही तिनं.

बन्यामीन: का, उसवायची व्हती का?

क्रिस्टीना: आणि हे काय, पप्पा? हे दुसरं?

बन्यामीन: त्येच बघत बसलो व्हतो परवा. तिच्या हातचं वाटतच न्हाई. खांब किती ढिल्ले! नवशिक्या पोरीनं केल्यावाणी. पण तिचंच हाय. त्या दिवशी सकाळी सुई उजव्या हातात धरून बसली व्हती. म्हणलं, राहेल, हे काय नवीन? तर म्हणाली, टीनाला उजवी शिडी पायजे. म्या हसलो. म्हणलं, बोर्डिंगातली बाई परत आली का पट्टी घिऊन?

क्रिस्टीना: हा पीळ उजवा आहे.

बन्यामीन: म्हंजी जमलं तिला.

क्रिस्टीना: जमलं. पप्पा, तुम्ही जेवत नाही म्हणे. डबा देणाऱ्या गीताबाई सांगत होत्या, तो तसाच परत येतो.

बन्यामीन: तिला काय जातंय सांगायला? भाजीत मीठ टाकायचं कळत न्हाई, आन् माझ्या चुगल्या करती.

क्रिस्टीना: मिठाचं सोडा. का जेवत नाही?

बन्यामीन: घास उतरत न्हाई. डॉक्टर काय म्हणाला, तू ऐकलंस ना? झटक्याच्या आधी हात दुखला असणार, म्हणाला. एखादा दिवस तरी. आन् म्या त्याच घरात. तिच्या समोर बसून चहा प्यालो. गाडीत माणूस चढला की तोंडाकडं बघून वळखायचो, ह्यानं तिकीट काढायचं न्हाई. सगळी हयात त्यात गेली. घरातल्या बाईचं तोंड वाचता आलं न्हाई.

क्रिस्टीना: तिनं दिसू दिलं नसेल.

बन्यामीन: तेच तर. माझ्यापासून लपवलं. का लपवलं? माझा भरवसा वाटला न्हाई का तिला? रोज अंथरुणावर पडलं की हेच.

क्रिस्टीना: सॅमसन येतो ना अधूनमधून?

बन्यामीन: सणसवाडी काय लांब हाय? पण न्हाई येत. मातीच्या दिवशी कबरीवर सगळ्यांच्या देखत म्हणाला की. तुम्ही घरात होता पप्पा, तुम्हांला कळायला पायजे होतं. तवापासून फोन न्हाई. केला तर शिफ्ट हाय म्हणून ठिवून देतो.

क्रिस्टीना: मी ऐकलं ते. तुमच्या शेजारीच उभी होते मी.

बन्यामीन: व्हय. तुझा हात व्हता माझ्या पाठीवर.

क्रिस्टीना: काही बोलले नाही मी.

बन्यामीन: काय बोलणार व्हतीस? खरंच बोलला तो. पोरगं हाय, आईवर जीव व्हता त्याचा. तू कशाला रडती आता? ठिव ती पिशवी.

क्रिस्टीना: फोन कुठंय तुमचा?

बन्यामीन: कशाला?

क्रिस्टीना: सॅमसनला लावा. स्पीकरवर ठेवा.

बन्यामीन: आता ड्युटीवर असंल. आन् नको, त्याला भांडू नको माझ्यापायी.

क्रिस्टीना: भांडत नाही. लावा.

बन्यामीन: वाजतोय... उचलला. हॅलो, सॅमसन? टीना आलीय. तिला बोलायचंय.

क्रिस्टीना: सॅमसन, मी. ठेवू नकोस. पप्पांना काही माहीत नव्हतं. आईनं मला सांगितलं होतं.

बन्यामीन: काय सांगितलं?

क्रिस्टीना: मी निघाले त्या संध्याकाळी. डावा हात सकाळपासून दुखतोय म्हणाली, खांद्यापासून. मी म्हटलं, सुई चालवल्यानं दुखतो, बाम लाव. आठवीच्या मुलांना हृदय मी शिकवते, सॅमसन. झटक्याची लक्षणं फळ्यावर लिहून देते. आणि माझं सगळं लक्ष त्या पिळाकडं होतं. पप्पांना बोलू नको म्हणाली, तर मला बरंच वाटलं. गाडी चुकली असती.

बन्यामीन: टीना...

क्रिस्टीना: कबरीवर तू पप्पांना बोललास, तेव्हाच सांगायचं होतं. तुझ्याकडं बघितलं, आणि तोंड उघडलं नाही. पप्पांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तुला रागवायचं असेल तर मला रागव. ऐकतोयस ना?

बन्यामीन: ठिवला का त्यानं?

क्रिस्टीना: नाही. चालू आहे. मागं मशिनीचा आवाज येतोय.

बन्यामीन: म्हंजी सुई उजव्या हातात... डावा उचलत नव्हता म्हणून?

क्रिस्टीना: मी उलटी म्हटलं म्हणून, की हात उचलत नव्हता म्हणून, ते आता कसं कळणार, पप्पा?

बन्यामीन: बाम लावला व्हता तिनं. वास येत व्हता. मला वाटलं, डोकं दुखत असंल. विचारलं न्हाई.

क्रिस्टीना: तुम्ही नका स्वतःवर घेऊ आता.

बन्यामीन: बरं. ...सॅमसन, लेकरा, हाईस ना? राहू दे. बोलू नको. नुसता फोन चालू ठिव. टीना, ती मोठी शिडी दे हिकडं. धर वरचं टोक. मला कवा नीट बघूच दिली न्हाई तिनं. झाल्यावर दाखवीन म्हणायची. कसली झालीय गं?

क्रिस्टीना: सुंदर झालीय. हातात घेतली तेव्हाच मला वाटलं होतं, आई, किती सुंदर झालीय. आणि मी आधी पीळ बघितला.