पडताळलेलं नाही

थेक्ला : थांब! पाकीट चिकटवू नकोस. आजीच्या रकान्यात काय खरडलंयस हे?

लोटार : “पडताळलेलं नाही.”

थेक्ला : अरे देवा! त्यांना वाटेल, तू थट्टा करतोयस.

लोटार : विद्यापीठाने विचारलंय, आईच्या आईचा धर्म कोणता. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. मला काय ठाऊक?

थेक्ला : नाव रेबेका. दर शुक्रवारी ज्यूंच्या रीतीने मेणबत्त्या लावायची. तुझ्या आईनेच सांगितलंय मला.

लोटार : ऐकीव गोष्ट पुरावा नसते. वीस वर्षं विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवतोय, त्यात पहिला धडा हाच.

थेक्ला : काल किती जण होते धडा ऐकायला?

लोटार : चार.

थेक्ला : आणि बाकीचे?

लोटार : दाराबाहेर. नाझींचे तपकिरी सदरे घालून. आत येणाऱ्यांची नावं लिहून घेत होते.

थेक्ला : आणि हे तू मला आज सांगतोस!

लोटार : त्यातला ओस्वाल्ड माझाच विद्यार्थी. टोपी काढून नमस्कार केला त्याने.

थेक्ला : कसायाला सुद्धा बकऱ्याचं नाव माहीत असतं, लोटार. प्रागच्या विद्यापीठाचं बोलावणं आलंय. बाराची गाडी आहे. चल ना रे!

लोटार : घाई नको. अजून पुरेशी निरीक्षणं नाहीत.

थेक्ला : पाऊस पडेल का विचारलं तरी तू म्हणतोस, शंभरात चाळीस. मग हे सांग. तुला धरून नेतील याची शक्यता किती?

लोटार : डिंकाची बाटली दे इकडे.

थेक्ला : आकडा सांग!

लोटार : हळू बोल. जिन्यात कोणीतरी आहे.

(जड बुटांचा आवाज दारापाशी येतो, थांबतो, मग वर जातो. वरच्या मजल्यावर दार ठोठावल्याचा आवाज.)

थेक्ला : वरच्या डॉक्टरांकडे गेले.

लोटार : हं.

थेक्ला : आता तरी आकडा सांग.

लोटार : आकडा परवाच काढलाय, थेक्ला. म्हणून तर खोटं लिहिलं.

थेक्ला : कुठलं खोटं?

लोटार : आजी गेली तेव्हा मी तीन नाही, नऊ वर्षांचा होतो. शुक्रवारी काड्यापेटी माझ्याच हातात असायची.

(थेक्ला त्याच्या हातातून पाकीट काढून घेते.)

लोटार : माझा कोट कुठे आहे?

थेक्ला : दारामागे. तिकिटं खिशात आहेत, कालपासून.