हुगो चुकत नाही

शिकारी कुत्र्याला शिकवतात तरी काय, सांगा बरं? मला वाटायचं, धावून पकडायला. जर्मनीत एर्लांगेनला आमच्या खाली राहणारा योहान म्हणाला, "उलट! पक्ष्याचा वास आला की जागीच थांबायचं. एक पाय वर, नाक पक्ष्याकडे. पक्षी उडाला तरी हलायचं नाही."

त्याचा हुगो हेच शिकत होता. पण हा रोज सकाळी अंगणात आमच्याच बाल्कनीकडे नाक करून पुतळ्यासारखा उभा! का, ते मला कळेना. शेवटी तुळशीच्या कुंडीमागे डोकावले, तर सासूबाई कबुतरांना तांदूळ घालत होत्या. आमच्या इमारतीत त्याला सक्त मनाई.

"अहो आई, घर सोडायला लावतील!"

"कोणाला कळतंय?"

दुसऱ्याच दिवशी खाली इमारतीची देखरेख करणारा हाउसमाइस्टर हजर. कबुतरांना कोण खायला घालतंय, याचा शोध चालला होता. त्यानं हुगोकडे पाहिलं, मग हुगोच्या नाकाच्या रेषेत वर, थेट आमच्याकडे. योहाननं प्रसंग ओळखला.

"छे, कच्चा आहे अजून. चुकतो."

मी हुश्श केलं.

"काय म्हणतोय गं तो?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

जन्मभर शाळेत शिकवलेली बाई ती. तांदळाची वाटी घेऊन ताडकन कठड्याशी आल्या. कुंडीमागची कबुतरं भर्रकन उडाली. हुगो तसूभरही हलला नाही.

"हा कच्चा? सांग गं त्यांना, पैकीच्या पैकी द्या म्हणावं!"