पाच फुलांचा तह

हसू नका, पण आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये कृष्णकमळावरून खरंच महाभारत झालं. वेल लावली मी, माझ्या कुंडीत. ह्यांना शांत झोप लागत नाही, म्हणून फुलं वाळवून चहा करायचा होता. वेलबाई मात्र चढल्या थेट वरच्या काकूंच्या ग्रिलला, आणि फुलल्याही तिथेच!

गेले तडक वर. म्हटलं, "काकू, या फुलात शंभर कौरव, पाच पांडव आणि मधोमध कृष्ण असतो ना? मग पांडवांच्या नावानं मला रोज पाचच फुलं द्या."

"सुईच्या टोकावर मावेल एवढी पाकळीसुद्धा देणार नाही," काकू म्हणाल्या. "मलाही त्याच चहानं झोप लागायला लागलीय."

"नका देऊ. मूळ माझ्या कुंडीत आहे. उद्यापासून पाणी बंद!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काकू, हातात वाटी, वाटीत पाच फुलं.

मी म्हटलं, "वर अजून एक फुललंय की! ते?"

काकू जिना चढता चढता म्हणाल्या, "तो कर्ण. सहावा असला तरी आमच्याच बाजूचा!"