माकडांनी हलवलेला सांधा

(लखनौ, अलीगंज. घरामागच्या पडवीच्या पत्र्याला शिडी टेकवलेली. शिडीवर विनीता. खाली खुर्चीत तिचे पती मधुकर, रेल्वेतून निवृत्त. शिडी धरून उभी त्यांची मुलगी वेदिका.)

वेदिका : आई, प्लीज उतर ना यार. पाच वाजता ब्रोकर पार्टी घेऊन येतोय आणि तू शिडीवर! लोग क्या कहेंगे?

विनीता : म्हणतील, बाई साठी उलटली तरी शिडी चढते. पाना दे. तो नाही गं, बारीक.

वेदिका : घर विकायचंच आहे, तर ही पन्हळ जोडून फायदा काय? नवा मालिक करवा लेगा.

विनीता : विकायचं ठरवलंत तू आणि तुझ्या भावाने, ऋषभने. आम्हाला विचारायचं काम तेवढं ब्रोकरवर सोपवलंत.

मधुकर : विनू, भांडत भांडत बोल्ट नको फिरवू. एक काहीतरी कर.

वेदिका : बाबा, तुम्ही तिला उतरायला सांगायचं सोडून...

मधुकर : तिला सांगून कोणी उतरवलं आहे आजवर? लग्नापासून पाहून राहिलो मी.

वेदिका : मजाक नका करू. किचनची भिंत बघितलीये मी. वरपासून खालपर्यंत सीलन, नुसती ओल, हात लावला की पापुद्रे पडतात. दोन पावसाळे गेले आणि तुमच्याच्याने एक पन्हळ दुरुस्त होत नाही. उद्या काही झालं तर मी बंगळुरूहून कशी धावत येऊ? झोप लागत नाही मला, सच में.

विनीता : म्हणून तर आज करतेय. भिंत वाळली की तुझी काळजीही वाळेल.

वेदिका : और बंदर? तूच फोनवर म्हणायचीस, माकडं पत्र्यावर नाचतात, सांधा हलवतात. आज जोडशील, परवा पुन्हा हलवतील.

मधुकर : माकडांनीच केलं ते. मी बसवलेला सांधा असा हलत नसतो.

विनीता : वेदू, सुटली पन्हळ, हे घे. दोन्ही हातांनी धर, पत्र्याला धार आहे.

वेदिका : एक मिनिट. आई, हे हललेलं आहे कुठे? बोल्ट तर सगळे टाइट आहेत. दोन तुकड्यांच्या मध्ये बोटभर फट आहे आणि दोन्ही बाजूंना नुसत्या पट्ट्या. ये तो किसी ने जानबूझकर छोड़ा है.

मधुकर : सोडायचीच असते ती! लखनौचा मे महिना पाहिला ना तू? लोखंड वाढतं. दोन रुळांच्या मधात जागा नाही ठेवली, तर रूळ वाकडा होतो. सगळी नोकरी रुळांवर गेली माझी, मला नको शिकवू.

विनीता : अहो, रुळांवरून गाडी जाते. पन्हळीतून पाणी जातं.

मधुकर : ...आण ते इकडे. दाखव मला.

वेदिका : म्हणजे माकडं निर्दोष? आणि इतके दिवस तू त्यांच्या नावाने खडे फोडत होतीस?

विनीता : फोडले तर काय झालं? त्यांचं थोडंच काही बिघडतं!

मधुकर : विनू, तुला माहीत होतं?

विनीता : तुम्ही ती लावलीत, त्याच पावसाळ्यात. तुम्ही झोपला होतात, तेव्हा चढून बघितलं मी.

मधुकर : मग बोलली काहून नाही? एरवी पलंगावर ओला टॉवेल राहिला, तर आठवडाभर ऐकून राहतो मी.

विनीता : पन्हळ लावून तुम्ही खाली उतरलात आणि आठवड्यात हॉस्पिटल. घरी आलात ते हा असा थरथरता हात घेऊन. चहाचा कप धरवेना. रोज या खुर्चीत बसून वर बघायचात आणि म्हणायचात, 'हे तरी माझ्या हातून झालं.' त्यावर मी काय सांगणार होते, की तेही चुकलंय? भिजेना का भिंत. तिला पुन्हा रंग देता येतो.

वेदिका : आई... मला वाटलं, तुम्हाला आता जमत नाहीये.

विनीता : जमत होतं गं. करायचं नव्हतं.

मधुकर : मग आज काहून काढलं?

विनीता : आज घरच हातचं जायला निघालं. तुमचा मान आणि घर, दोन्ही एकदम वाचेनात. म्हटलं, आधी घर वाचवू, मानाचं मागाहून बघू.

मधुकर : माझा मान काय पत्र्याचा आहे? पट्ट्या काढून ठेवा दोन्ही तुकडे खाली, फरशीवर. आणि तू उतर आधी. हवेत लटकून जोडायची गरज नाही. इथे जोडू आणि मग वर चढवू.

वेदिका : उतरली! बाबा, तुमचं ऐकलं तिने.

विनीता : बरोबर सांगितलं की ऐकते मी.

मधुकर : वेदू, फडक्याने पूस. कोरडं ठणठणीत पाहिजे. आता एक तुकडा दुसऱ्यात बसवून दाखव, वीतभर आत.

वेदिका : असा?

मधुकर : उलटा! पाणी कुठून कुठे जाऊन राहिलं?

वेदिका : लिंबाच्या झाडाकडून... खाली उतरणाऱ्या नळाकडे.

मधुकर : मग लिंबाकडचा तुकडा आतून आणि नळाकडचा बाहेरून. पाणी सांध्यावरून घसरून पुढे गेलं पाहिजे. उलटं ठेवलं, तर ते सरळ फटीत शिरेल.

विनीता : आमच्या चिपळूणला कौलं घालतात तसं. वरचं खालच्यावर.

वेदिका : और गर्मी में फैला तो?

मधुकर : चिडव, चिडव. एवढ्याशा पन्हळीची वाढ ते रबरासारखं सीलंट पोटात घेतं. आता तुकडे काढ परत, मधात सीलंट लावायचं.

वेदिका : द्या, मी लावते.

विनीता : त्यांना दे.

वेदिका : पण आई, हात...

विनीता : रेघ वाकडी आली तर येऊ दे. पाण्याला वळणदार अक्षर लागत नाही.

मधुकर : पाहा. झाली नागमोडी.

वेदिका : पण तुटली नाही कुठे, बाबा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे.

मधुकर : हं. बसव आता. दाब. रिव्हेट मार, आधी मधला.

वेदिका : अरे वाह! काय मस्त आवाज येतो याचा! अजून एक मारू?

विनीता : ऑफिसात एवढी खूश दिसत नाहीस कधी.

मधुकर : आता आतून सांध्यावर आणि रिव्हेटांच्या डोक्यांवर पुन्हा सीलंट. दे, हेही मीच करतो. झालं. दोघी मिळून उचला आता. आडवी धरा, वाकू नका देऊ. अडकवा. नळाकडे जरा खाली... अजून... बस्स. राहू दे.

वेदिका : आणू बादली? पाणी टाकून बघू.

मधुकर : आज नाही. पक्का एक दिवस सुकलं पाहिजे.

वेदिका : पण माझी फ्लाइट आज रात्रीची आहे.

विनीता : मग जा की. गळलं की नाही, ते मी उद्या फोनवर सांगेन.

वेदिका : तू सांगणार? माकडांची गोष्ट सांगणारी तू? नाही. मी थांबते. बादली मीच ओतणार.

मधुकर : फोन वाजून राहिला तुझा. दलाल असेल.

वेदिका : हॅलो? हाँ भैया... नहीं, आज मत लाइए उनको। नहीं, कल भी नहीं... अरे, घर तो बढ़िया है। बस... (पाठ फिरवून हळू आवाजात काहीतरी सांगते) हाँ, वही बात है। अच्छा, नमस्ते।

विनीता : काय म्हणाला?

वेदिका : विचारत होता, घरात काही प्रॉब्लेम आहे का.

मधुकर : मग? काय सांगितलं तू?

वेदिका : म्हटलं, भैया, इधर बंदर बहुत हैं.