दोन बोटांची किल्ली

(भर दुपार. कुलुपं करणाऱ्या कारागिराचं घर, इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. तो आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. पुढच्या खोलीत त्याची बायको आणि बहीण.)

वहिनी: मी नाही उघडलं, वन्सं. कपाटाला हातसुद्धा लावला नाही.

नणंद: मग कुलूप काय पिकून गळून पडलं? आत्ता माझ्यासमोर दाबून लावलंत तुम्ही.

वहिनी: लावलं होतं. काल पेटीचं सुटलं, परवा कोठीच्या दाराचं. ह्यांची बोटं फिरली की घरातलं एक कुलूप सुटतं.

नणंद: काहीतरीच! दादाला झटका आलाय, वहिनी. वाचा गेली, अंग गेलं. राहिली ती दोन बोटं, आणि ती नसांची थरथर आहे. डॉक्टर म्हणाले ना?

वहिनी: डॉक्टरांनी नस पाहिली, वळण नाही पाहिलं. जन्मभर किल्ल्या घासणाऱ्या माणसाची बायको आहे मी. किल्ली फिरवावी तशी फिरतात ती बोटं. आणि दर वेळी उघडायच्याच बाजूला.

नणंद: तुम्हाला झोप हवी आहे, बाकी काही नाही.

वहिनी: कसली झोप! घरभर कुलपं, कुणाची भीती, आतलंच कुणी ठोकतंय भिंती... अशी गत झालीय माझी. हे बघा, आत्ता. ऐकलंत?

नणंद: वरच्या मजल्यावर कुणी खिळा ठोकत असेल.

वहिनी: आपल्या वर मजला कुठे आहे, वन्सं? आभाळ आहे नुसतं.

नणंद: पाणी द्या मला जरा.

वहिनी: घ्या. मी फादरना निरोप धाडलाय. ऊन उतरलं की येतील.

नणंद: कबुलीला? त्याला बोलता येत नाही, वहिनी!

वहिनी: फादर विचारतील, हे बोटांनी त्यांचा हात दाबतील. मुक्याचीही कबुली होते आमच्यात. आधी मन पोळायला हवं. मग कबुली, मग फादरचा हात डोक्यावर, मग प्रायश्चित्त. पायरी पायरीनं.

नणंद: तुम्हा कॅथलिकांना जिना लागतोच बाई! देव काय माडीवर बसलाय? आम्हा प्रोटेस्टंटांचा पाळक स्वतःला आमच्याइतकाच पापी म्हणवतो, तो कुणाला काय माफ करणार? मन देवाकडे वळलं, तोच पश्चात्ताप. बाकी सगळं येशूच्या क्रुसावर होऊन गेलंय. त्यात आपण वर काय घालणार, आपलं कपाळ?

वहिनी: मन वळलं म्हणता. पण कुणीकडे वळलं, ते पावलांवरूनच कळतं ना?

नणंद: दादा जन्मानं आमचा. लग्न तुमच्या वेदीपुढे लागलं, मन आमच्याच चर्चच्या बाकावर राहिलं. त्याला आता कबुलीच्या जाळीपुढे बसवू नका.

वहिनी: बसले होते एकदा, माझ्या हट्टापायी. गुडघे टेकले आणि तसेच धावत बाहेर. चेहरा राखेसारखा. म्हणाले, जाळीपलीकडे फादर नाहीत, दुसरंच कुणीतरी ठोकतंय. काय होतं हो त्यांच्या पोटात?

नणंद: मला काय ठाऊक?

वहिनी: मघाशी टकटक झाली, तेव्हा तुम्ही दचकला नाहीत, वन्सं. तुम्ही ती ओळखलीत.

नणंद: मी निघते आता, वहिनी.

वहिनी: बसा. बोला. ह्यांची तर बोलती बंदच आहे.

नणंद: ते छत्र्या दुरुस्त करणारे म्हातारे आठवतात? पुलापलीकडे, वरच्या खोलीत राहायचे.

वहिनी: न आठवायला काय झालं! आतून कडी लावून झोपेतच गेले म्हणे.

नणंद: कडी लावलेली नव्हतीच. घरमालक दादाला म्हणाला, म्हातारा पळालाय, खोली रिकामी आहे, दारातलं कुलूप बदल. दादानं बाहेरून नवं बसवलं. आत डोकावला नाही. म्हातारे पलंगाआड तापानं फणफणत पडलेले.

वहिनी: देवा माझ्या!

नणंद: काम करताना आतून आवाज आला. दादाला वाटलं, आपल्याच हातोडीचा घुमतोय. हातोडी थांबवली, तरी घुमत होता. तरी त्यानं किल्ली फिरवली आणि जिना उतरला. पुढे प्रेत सापडलं, तेव्हा मालकानं आतल्या कडीची गोष्ट रचली.

वहिनी: आणि हे तुमच्यापाशी बोलले. माझ्यापाशी नाही.

नणंद: लहान पोरासारखा रडला हो! मी म्हटलं, देवाला सांग. त्यानं ऐकलं की संपलं, माणसांत बोलू नकोस. त्याला माफी मिळालीय, वहिनी. हा माझा विश्वास आहे, मरेपर्यंत राहील.

वहिनी: मिळाली असेल. नाही म्हणणारी मी कोण? पण त्या म्हाताऱ्यांची लेक? मागच्या गल्लीतली शिवणवाली?

नणंद: तिचं काय?

वहिनी: ती दाराला कडीच लावत नाही. मी हसून विचारलं, चोरांना आवतण दिलंय का गं? तर म्हणाली, मी बाबांशी भांडून गेले होते. समजूत काढायला आले, दार वाजवत राहिले. बाबांनी रुसून उघडलंच नाही. त्यांचा राग माझ्या कपाळी राहिला तो राहिलाच.

नणंद: असं... असं समजून जगतेय ती?

वहिनी: इतकी वर्षं.

नणंद: मला वाटायचं, माफी ही दोघांतली गोष्ट. दादा आणि देव. बाहेर उंबऱ्यात तिसरं कुणी उभं आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नाही.

वहिनी: मी तरी काय करणार होते? फादर हात ठेवतील, मी ह्यांच्या वाटची माळ जपेन, ठोकणं थांबेल. आणि ती पोर तिकडे उघड्या दारापाशी तशीच.

नणंद: त्यालाच विचारू, चला. दादा, ऐकतोयस ना? फादर हवेत तुला?

वहिनी: हलली नाहीत बोटं.

नणंद: बघा!

वहिनी: आता तुमच्या पाळकांचं विचारा.

नणंद: दादा, पाळकांना आणू?

वहिनी: नाही हलली. आता मीही म्हणते, बघा!

नणंद: दादा... तिला जाऊन सांगू? तुझ्या नावानं, सगळं?

वहिनी: फिरली! वन्सं, फिरली बोटं! डोळे बघा कसे भरून आलेत.

नणंद: तो खटका कसला झाला?

वहिनी: पुढचं दार. उघडलं.

नणंद: मीच सांगेन तिला. त्याच्या तोंडाला कुलूप मी घातलं होतं. मग ती शिव्या देवो, नाहीतर पोलिसांत जावो.

वहिनी: चपला घाला. मीही येते. अहो समोरच्या आजी, ह्यांच्या उशाशी बसता का जरा? फादर आले तर थांबवून घ्या... चला. पायरी सांभाळा.

नणंद: ठोकणं थांबलं, वहिनी.

वहिनी: थांबलं.

नणंद: पण आपल्या पुढे कुणीतरी जिना उतरतंय. छत्री टेकत टेकत.

वहिनी: घाई करू नका, वन्सं. त्यांच्या पावलानं चला.